बिनवासाचा धूर

कुपी अंगठ्याएवढी, टोपण काळं, आत पातळ मधासारखं काहीतरी हलतंय... हलतंय म्हणजे कर्सिदीचा हात हलत होता, रस बिचारा आपल्या जागी स्वस्थ होता. सकाळपासून तोंडात धूर गेला नव्हता ना, म्हणून हात. त्याने टोपण फिरवून काढलं, कुपी नाकाखाली धरली आणि डोळे मिटले — शिंपी माणूस, कापडाची पारख डोळे मिटून बोटांनी करायची सवय, तीच इथे नाकाला लागू केली — आणि आंबा आला. आला म्हणजे काय, अंगावर धावून आला. ह्या वासाने नातीला उचलायला गेलो तर लेक, अंबर, काय म्हणेल? म्हणेल, बापाक, कुणाच्या बागेत घुसला होतात?

"हा नको," तो म्हणाला. "ह्याला वास आहे."

"पाक, वास तर सगळ्यांनाच असतो," रोसी म्हणाली. "लोक वासासाठीच तर घेतात."

रोसी वयाने त्याच्या मुलीएवढी, म्हणून ती त्याला पाक म्हणत होती, काका म्हणावं तसं; पण दुकान तिचं, म्हणून तोही तिला म्बाक म्हणत होता, ताई म्हणावं तसं. काचेच्या कपाटांत विजेवरच्या सिगारेटी मांडलेल्या, मागच्या बाकावर चार पोरं ढग सोडत बसलेली, आणि ढग कुणाचा मोठा ह्यावर त्यांची गंभीर चर्चा चाललेली. कुदुस गावात चाळीस वर्षं क्रेतेक ओढणारा माणूस — लवंग घातलेली, ओढताना तडतडणारी, खरी सिगारेट — ह्या असल्या दुकानात पाय ठेवतो म्हणजे म्हाताऱ्याने पोरांच्या झोपाळ्यावर बसावं तसं. कुणी ओळखीचं पाहिलं तर? पाहू दे. नातीसाठी माणूस झोपाळ्यावरसुद्धा बसतो.

नात. तिच्याच पायी हे सगळं. दवाखान्यात तो तिच्या पाळण्यावर वाकला होता, "आले गं तुझे आजोबा" एवढंच म्हणाला होता, आणि त्या एवढ्याशा जिवाला शिंक आली, मग आणखी एक, मग असा खोकला की तोंड लालबुंद. नर्स धावली, अंबर ओरडली. बाळंतीण ओरडते ती कुणावरही ओरडते म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण नंतर ती शांतपणे बोलली... आणि शांतपणे बोललेलंच लागतं. "बापाक, अंगाला वास येतोय तोवर तिला हात लावायचा नाही. रागवा हवं तर, पण नाही म्हणजे नाही." आमच्याकडे मुलगी बापाला असं तोंडावर "नाही" म्हणत नाही. मुलगी बापाला "बघू" म्हणते, "पुढच्या वेळी" म्हणते, चहा आणून ठेवते आणि विषय बदलते. हिने चहासुद्धा आणला नाही. तेव्हापासून नात म्हणजे फोनच्या पडद्यावरचं एक गोरंपान वर्तुळ, कधी सरळ, कधी उलटं, आणि बोलायला लागलं की अडकणारं.

सोडून पाहिली होती त्याने. सोडली म्हणजे अगदी शपथेवर सोडली. पेपरमिंटच्या गोळ्या खाल्ल्या, सूर्यफुलाच्या बिया फोडफोडून दुकानभर टरफलं केली, गिऱ्हाइकांवर खेकसला, आणि एका मास्तरांच्या पाटलोणीला दोन्ही पाय डावे शिवले. मास्तर सज्जन. घालून पाहिली आणि म्हणाले, "चालताना जरा वळल्यासारखं होतं, पण चालेल." तेव्हा बायकोने, कास्मिनीने, कोपरापासून हात जोडले. म्हणाली, "अहो, ओढा काहीतरी, पण माणसात या." मग जावयाने, फाहरुलने, फोनवर हळूच सुचवलं होतं — बापाक, वेप घेऊन बघा, त्याचा अंगाला वास राहत नाही म्हणतात. मागून अंबरचा आवाज आला होता, "मला ते कळत नाही. वास येता कामा नये, बस."

"मला कसं पाहिजे सांगू का," कर्सिदी आता रोसीला म्हणाला, आणि घरून घोकून आलेलं म्हणून दाखवलं, "नवशिक्याला झेपणारं. भरवशाचं. खिशात मावणारं. गळायला नको. आणि वास नको."

रोसीने पहिलं काढलं ते विजेरीएवढं होतं, त्यावर आकडे पेटत होते आणि ते उचलताना मनगट वाकत होतं. "ह्यात ढग जबरदस्त येतो," ती म्हणाली. मागच्या बाकावरून पोरांनी माना डोलावल्या.

"हो, छान आहे," कर्सिदी म्हणाला. "खरंच छान आहे. बघू या."

रोसीने ते मुकाट्याने परत ठेवलं. कुदुसचीच ती, दोनदा छान आणि एकदा बघू म्हणजे काय ते तिला कुणी समजावायला नको होतं. दुसरं पेनासारखं बारीक, संपलं की फेकून द्यायचं. हे ऐकून मात्र त्याला अंगावर काटा आला. चालतं यंत्र फेकायचं? बापाच्या हातचं शिवणयंत्र तो अजून चालवत होता, पायपट्टी एका बाजूने झिजून बशीसारखी झाली होती तरी... फेकून द्यायचं म्हणे. माणसंही संपली की फेकून देतील ही पोरं.

तिसरं काड्यापेटीएवढं. गुळगुळीत, करडं. त्याला बटणच नव्हतं.

"बटण कुठाय?"

"नाही. ओढलं की चालू, सोडलं की बंद."

"आणि विसरलो तर?"

"श्वास घ्यायला विसरलात तर, पाक, तुम्हाला वेगळ्या दुकानात न्यावं लागेल."

बाकावरची पोरं खिंकाळली. कर्सिदीही हसला, पण थोडं उशिरा. रोसीने यंत्राचं तोंड खटकन उपटून दाखवलं: आत एवढीशी डबी, डबीत कापूस, कापसात तार; तार तापली की रस उडतो; करपट चव यायला लागली की ही डबीच तेवढी बदलायची, बाकी जन्मभर काही बघायचं नाही, रात्री फोनशेजारी चार्जिंगला लावायचं. कर्सिदीने डबी काढली, घातली, काढली. अरे, ही तर बॉबिन. बॉबिन संपली की दुसरी घाल आणि पाय मार. एवढ्याचसाठी मी आठवडाभर घाबरत होतो? त्याला एकाएकी ते यंत्र आवडलं, आणि आवडलेल्या वस्तूची किंमत विचारायची नसते म्हणून त्याने दुसऱ्याची विचारली, तिने ह्याची सांगितली, आणि एवढ्यावर ते ठरलं.

राहिला वास. तिथे गाडं अडलं. कॉफी हुंगली — ही तर मशिदीमागच्या टपरीसारखी. स्ट्रॉबेरी हुंगली... ह्या वासाने घरी गेलो तर कास्मिनी काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि तिचं ते बघणं मला ठाऊक आहे. पुदिना डोक्यात गेला. दूध! दुधाचासुद्धा होता. दुधाचा वास येणारा आजोबा. पोर भुकेली असली तर भलतीकडेच तोंड लावायची. त्याने कुप्या एकेक करून मागे सारल्या. नाक भरून गेलं होतं, कपाळ दुखायला लागलं होतं, आणि धूर तर हवाच होता, आत्ता, ह्या क्षणी, कुठलाही... त्याने शेवटची तपकिरी कुपी उघडली.

काही नाही.

पुन्हा हुंगली. काही नाही. नुसती हवा, सकाळी दुकानाचं दार उघडलं की येते तसली, स्वच्छ, ओळखीची.

"ह्याला वास नाही!" तो जवळजवळ ओरडलाच.

रोसीने कुपी घेतली, नाकाशी नेली, भुवया उंचावल्या. चिठ्ठी वाचली. "लवंग आहे हा. जुन्या ओढणाऱ्यांसाठी काढलाय, क्रेतेकसारखी चव लागते." पुन्हा हुंगली. "पण वास म्हणाल तर... खरंच की हो. नाहीच म्हणा ना."

"चव राहू दे. चव माझ्या तोंडात. वास नाही ना?"

"नाही, पाक."

एका पोराने उठून हुंगलं आणि तोही "नाही" म्हणाला. झालं, तीन नाकं. कर्सिदीने रस भरून घेतला, पहिला झुरका ओढला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला, दुसरा ओढला आणि खोकला नाही. तडतड तेवढी ऐकू आली नाही; त्या तडतडीशिवाय धूर म्हणजे मुका माणूस. पण हात थांबला. बाहेर आला तेव्हा कारखान्याची पहिली पाळी सुटत होती, सिगारेटी वळणाऱ्या बायांचे थवे सायकलींवरून चालले होते, लवंगेची पोती लादलेला ट्रक वळणावर खोळंबला होता, आणि कर्सिदी त्या सगळ्यांतून छाती भरून श्वास घेत चालला होता. किती मोकळी हवा आमच्या गावाची, त्याच्या मनात आलं. शहरात लोकांना हे मिळत नाही.

घरी कास्मिनीने त्याला अंगणात उभं केलं आणि बाजारात मासा हुंगून घ्यावा तसं हुंगलं: केस, कॉलर, बोटं, मिशा. बिनवासाच्या नवऱ्यावर तिचाच विश्वास बसेना. तिने भिंतीपलीकडच्या जुमारीला हाक मारली. जुमारी क्रेतेकच्या कारखान्यात माल बांधायला. साक्षीदार म्हणून ह्याहून जाणता माणूस कुठून आणायचा?

"वास?" जुमारी भिंतीवरून वाकून म्हणाला. "छे. साबणाचा येतोय थोडा."

"बघ," कर्सिदी बायकोला म्हणाला.

"बघितलं. आता बसमध्ये झोपून त्या शर्टाच्या सुरकुत्या करू नका."

लेकीच्या सेमारांगला जाणाऱ्या बसमध्ये कास्मिनी पुढच्या बाकावर डुलत होती, तो मुळीच झोपला नाही. खिशातल्या यंत्रावर हात ठेवून बसला होता. देमाकच्या थांब्यावर उतरून दोन झुरके घेतले, पुन्हा बसला, पुन्हा हात. मनात एकच काम चाललेलं: डावा हात मानेखाली, उजवा पाठीखाली, कोपर पोटाशी. रात्री तक्क्यावर सराव केला होता. तक्क्याला मान नसते ही अडचण, म्हणून त्याने वरच्या टोकाला गाठ बांधली होती, आणि कास्मिनी पाणी प्यायला उठली तेव्हा तो तक्क्याला म्हणत होता, "माझी बाय ती." ती पाणी पिऊन झोपली होती. कशाला बोलायचं... तिला काय, महिनाभर राहून आली लेकीकडे, रोज न्हाऊ घातलं, रोज मांडीवर. मी किती दिवस पडदा बघायचा? मी मेल्यावर नातीला कुणी विचारलं, आजोबा कसे होते, तर ती म्हणणार, चौकोनी. हसू आलं. त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"कुदुसचे का?" शेजारचा गृहस्थ विचारत होता.

"हो! कसं ओळखलंत?"

"ओळखलं आपलं," गृहस्थ म्हणाला आणि खिडकीची काच थोडी सरकवली.

बोलण्यावरून ओळखलं असणार. आमच्या गावची रीतच वेगळी, अदब असते. कर्सिदी खूश झाला आणि त्याने गृहस्थाला शेंगदाणे दिले.

अंबरने दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि आईबापांना बघून चेहरा असा उजळला की कर्सिदीला वाटलं झालं, जिंकलो. तिने वाकून त्याचा हात कपाळाला लावला. हात कपाळालाच राहिला. मग नाकाशी गेला.

"बापाक." तिने मान वर केली. "ओढलीत ना तुम्ही?"

"नाही! पोरी, शप्पथ नाही!"

"खोटं नका बोलू. दारातून येतोय."

"अगं हे बघ ना —" त्याने ते करडं यंत्र बाहेर काढलं, तोंड उपटून डबी दाखवली, कापूस, तार, रस, बॉबिनसारखं बदलायचं, सगळं एका दमात. "दुकानात तिघांनी हुंगलं. तुझ्या आईने हुंगलं. जुमारीने हुंगलं! वास नाहीच ह्याला. मी निवडून निवडून बिनवासाचं घेतलंय!"

अंबरने डबी नाकाशी नेली आणि झटक्याने लांब धरली. "बापाक, ही लवंग आहे!"

"हो, लवंगच. मग?"

"मग काय मग? लवंगेचा वास येतोय!"

"लवंगेला कुठे वास असतो?" कर्सिदी म्हणाला.

आतून फाहरुल आला, पायरीवर उभा राहिला, त्याने सासऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. आणि सासरा थट्टा करत नाहीये हे कळल्यावर त्याचं हसू असं फुटलं की त्याला भिंत धरावी लागली. अंबर हसत नव्हती. ती बापाकडे बघत होती, बारीक डोळे करून, मशीन बिघडलं की तो स्वतः त्याच्याकडे बघायचा तशी.

"मलापण नव्हता येत," ती हळूच म्हणाली. "तिकडे होते तोवर. लग्न होऊन इकडे आले, मग पहिल्यांदा माहेरी यायला निघाले ना, तर बस कुदुसचा पूल ओलांडायच्या आतच वास आला. गाव दिसायच्या आधी. मला वाटलं कुणीतरी लवंगेची बरणी फोडली. आणि मग कळलं की बरणीत तर आपणच होतो." तिने नाक पुसलं. "तुमच्या सगळ्या अंगाला येतो, बापाक. नुसत्या सिगारेटीचा नाही."

"मला का नाही सांगितलंस?" तो कास्मिनीकडे वळला.

"मला तरी कुठे ठाऊक? इथून घरी परतले तेव्हा आला होता दोन दिवस, मला वाटलं तुमच्या सिगारेटीचा." कास्मिनी म्हणाली. "मला इथे आल्या आल्या कडकडीत पाण्याने न्हायला लावलं, सगळे कपडे धुवायला टाकले. मला वाटलं, शहरातली बाळंतपणाची रीत असेल काही."

त्यानंतर तो न्हाणीघरात होता. अंबरने फाहरुलचा शर्ट आणि साबणाची नवी वडी हातात दिली होती, त्याचे कपडे दाराआडून मागून घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले होते, आणि आता तो डोक्यावर पाण्यामागून पाणी ओतत, घासत होता. घासत होता... काय घासतोय? मळ दिसतो, चिखल दिसतो, शाई दिसते. हे दिसत नाही, हुंगून कळत नाही, स्वतःच्याच अंगावर आहे आणि आपल्याला सोडून सगळ्या जगाला ठाऊक. बसमधल्या त्या गृहस्थाला ठाऊक होतं! आणि मी त्याला शेंगदाणे दिले. सेमारांगला कापड आणायला जायचो तेव्हा पेढीवरचे लोक मी दिसायच्या आधीच "या, कर्सिदी" म्हणायचे, मला वाटायचं माझं नाव आहे बाजारात... आणि आई. आई जन्मभर कारखान्यात क्रेतेक वळत बसली, संध्याकाळी पाय पसरून मला मांडीवर घ्यायची, आणि मी मोठेपणी लोकांना सांगायचो, माझी आई इतकी स्वच्छ, इतकी स्वच्छ की तिच्या अंगाला कधी कसलाच वास आला नाही. कुणाकुणाला सांगितलं मी हे? सेमारांगच्या त्या पेढीवरसुद्धा सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. तो ओला उभा राहिला, डोळ्यांतून येतंय ते पाणी कुठलं हे ठरवायचं त्याने टाळलं, आणि पुन्हा साबण घेतला.

गेला की नाही हे त्याला कळायची सोयच नव्हती. बाहेर येऊन तो मुलीसमोर उभा राहिला, शाळेत नखं दाखवायला उभं राहावं तसे दोन्ही हात पुढे करून. फाहरुलचा शर्ट आकाशी, खिशावर ऑफिसचं चिन्ह, आणि डावा खांदा बोटभर उतरलेला — कुणी शिवला हा? — पण गप्प बसला. अंबरने हात हुंगले, मान हुंगली, कानामागे हुंगलं.

"आता काही नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला. "बसा, बापाक. मांडी नीट घाला."

डावा हात मानेखाली, उजवा पाठीखाली. तक्क्याहून कितीतरी हलकी, आणि ऊन, आणि सबंध अंगाने हलणारी! तिच्या टाळूला चोळलेल्या तेलाचा वास आला, तो मात्र त्याला लख्ख आला. ती शिंकली नाही. खोकली नाही. तिने त्याच्या छातीवर नाक घासलं, इकडून तिकडे, काहीतरी शोधावं तसं, आणि मग शर्टाची एक चुणी मुठीत धरून स्वस्थ झाली. कास्मिनी डोळे पुसत होती. फाहरुल फोनवर फोटो काढत होता, आणि म्हणत होता, बापाक, इकडे बघा, हसा. कर्सिदी हसला. इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. हे खरंच होतं, त्यात काही खोट नव्हती.

फाहरुलने फोन पुढे करून दाखवलं. पडद्यावर नात होती, पहिल्यांदाच पूर्ण, पायांसकट, आणि तिला एका म्हाताऱ्याने धरलं होतं. स्वच्छ म्हातारा. आकाशी शर्ट, ओले केस, कुठल्याही गावचा. ती त्याच्याकडे बघत होती, त्याला चिकटली होती, आता ह्यालाच ती आजोबा म्हणून ओळखणार... किती निवांत बसलाय बघा, जसं काही जन्मापासून ह्याचंच बूड तिथे होतं. आणि मी? मला तर अंबरने आत्ताच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, गाठ मारून, दाराबाहेर ठेवलंय. नातीचं वजन मांडीवर घेऊन, मान न हलवता, तो त्या पडद्याकडे बघत राहिला, आणि त्याला त्या म्हाताऱ्याचा असा हेवा वाटायला लागला, असा हेवा, की त्याने बाळाला जरा आणखी जवळ ओढलं.